काचेतले आणि खोक्यातले

मी आज जो काही आहे तो कुणामुळे, असं कुणी विचारलं तर माझ्या तोंडी आईबाबांच्याही आधी तातूंचं नाव येतं. आचऱ्याच्या पलीकडे, खाडीच्या काठी आमचं गाव आहे. तिथल्या तिठ्यावर, तीन वाटा मिळतात तिथे, तातूंचा फोटो स्टुडिओ होता. मी रक्ताच्या नात्यातला कुणी नव्हे, पण ते गेल्याचा फोन वैशालीताईने मला केला. ताई ही तातूंची एकुलती मुलगी, दोडामार्गला दिलेली. गोव्यातलं मोठं हॉस्पिटल तिथून जवळ, म्हणून शेवटचे काही महिने तातू तिच्याकडेच होते. मी आठवीच्या वर्गावर होतो. एरवी वर्गात मी फोन घेत नाही, पण त्या दिवशी नाव बघितलं आणि बाहेर आलो. "सदा, बाबा गेले रे..." एवढंच ती म्हणाली. मी "हो" म्हणालो, आत गेलो आणि फळ्यावर अर्धवट राहिलेलं वाक्य पूर्ण केलं. कुठलं वाक्य, ते आता आठवत नाही. त्या दिवसापासून मला एका जागी बसवत नाही. जेवताना उठतो, वाचताना उठतो. दुःख आहेच... पण मी तातूंना काही विचारलं होतं आणि त्यांचं उत्तर यायचं राहिलं, ते जास्त टोचतं.

माझे बाबा आचऱ्याच्या बंदरात ट्रॉलरवर खलाशी होते. घरात दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं, दहावीपर्यंतही नाही. माझा निकाल लागला त्याच दिवशी बाबा मला तातूंकडे घेऊन गेले, ते खलाशाच्या ओळखपत्रासाठी फोटो काढायला. काकाच्या बोटीवर माझी जागा ठरलेली होती. तातूंनी ओळखपत्राचा फोटो काढला आणि मला म्हणाले, "हलू नको रे. अजून एक काढूचो आसा." आत जाऊन त्यांनी एक काळा गाऊन आणला आणि माझ्या अंगावर चढवला. पदवीदान समारंभात घालतात तसला तो गाऊन, पण शिवलेला दशावताराचे कपडे शिवणाऱ्या शिंप्याने. त्या बिचाऱ्याने खरा गाऊन कधी बघितला नव्हता. त्यामुळे बाह्या राजाच्या अंगरख्यासारख्या झालेल्या, कॉलर उभी आणि पुठ्ठ्याच्या चौकोनी टोपीला जरीचा सोनेरी गोंडा. फोटो निघाला. चार दिवसांनी तो स्टुडिओच्या दर्शनी काचेत लागला, नव्या नवरा-नवरीच्या जोडीला.

बाबा तरातरा तातूंकडे गेले. मी मागे होतो. "तातू, ह्या काय केलास? पोरगो आत्ता धावी झालो."

"धावी झालो ना? मगे पुढचो फोटो मी आधीच काढून ठेयलंय. तेचो येळ वाचलो."

"लोक हसतले माका."

"हसांदेत. फोटो खोटो पडाक देऊ नको म्हणजे झाला."

बाबांना बंदरात जायला तिठ्यावरूनच वाट. रोज कुणी ना कुणी थांबवायचं, "काय रे, झील पदवीधर झालो? आमका पेढे खंय?" पहिले काही दिवस बाबा नुसती मान हलवत. मग एका सकाळी मी त्यांच्याबरोबर चालत असताना कुणीसं तेच विचारलं आणि बाबा थांबले, म्हणाले, "झालो नाय अजून. होतलो." ते ऐकून मी जागीच थबकलो. त्या आठवड्यात त्यांनी मला कुडाळच्या कॉलेजात नेऊन घातलं. पुढे मी खरोखरच बी.ए. झालो, बी.एड. झालो, शिक्षक झालो. ही गोष्ट मी दर वर्षी मुलांना सांगतो. सांगताना माझा आवाज अजून थोडा चढतो.

यंदा गावच्या वाचनालयाने ठरवलं की तातूंच्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं. वाचनालयाची माडीवरची खोली लहान, चाळीसेक फोटो कसेबसे मावतील एवढी. आणि तातूंकडे तर एवढ्या वर्षांचं गाव भरलेलं. मी दोडामार्गला त्यांना भेटायला गेलो तेव्हा ते पलंगावर उशीला टेकून बसले होते, बारीक झाले होते. फोटो कुठले लावायचे विचारलं तर म्हणाले, "माका माझे सगळेच बरे दिसतत. तू निवड. तुका दुसऱ्याची पोरां बगूची सवय आसा, मास्तर ना तू!" ती आमची शेवटची भेट.

मग दर रविवारी मी आणि काकी स्टुडिओ उघडून बसू लागलो. काकी म्हणजे तातूंची पत्नी, घर सांभाळायला त्या गावीच राहिल्या होत्या. मी जमिनीवर फोटो मांडायचा आणि काकींनी स्टुलावर बसून निकाल द्यायचा. त्यांचा हिशेब वेगळाच. एखादा लग्नाचा फोटो मला साधा वाटायचा, तर त्या म्हणत, "ह्यो लाव. ह्या लग्नातलो वडो मी अजून इसरूक नाय." पालखीच्या गर्दीचा एक अप्रतिम फोटो होता, तो त्यांनी बाजूला सारला, "ह्या गर्दीत माझी चप्पल गेली." दशावतारातला राजा रंगलेल्या तोंडाने बशीतून चहा पितो आहे, तो मात्र दोघांनाही आवडला. असं हसतखेळत चाललं होतं. एका रविवारी काउंटरच्या खालच्या खणात फोटोच्या कागदाचं एक जुनं चपटं खोकं हाताला लागलं.

"ता रवांदे," काकी म्हणाल्या. पण तोवर झाकण उघडलं होतं.

आत गाऊन होता. म्हणजे गाऊनमधली माणसं. तीच उभी कॉलर, तोच गोंडा, मागे तोच निळा पडदा, आणि प्रत्येक फोटोत वेगळा चेहरा. दहा-बारा तरी असतील. बरेचसे मी ओळखले. आमच्याच शाळेतली, माझ्या पुढची-मागची मुलं. कुणी आज ट्रॉलरवर आहे, कुणी मुंबईत वॉचमन, कुणी काजूच्या कारखान्यात. पदवीपर्यंत पोचलेला एकही नव्हता.

मला वाटत आलं होतं की तो गाऊन तातूंनी माझ्यासाठी शिवून घेतला. असं ते कधी म्हणाले नव्हते... मीच धरून चाललो होतो.

काकींनी खोकं आपल्याकडे ओढलं. "धावीचो निकाल लागलो की हेंका चैन नसायचा. कोण हुशार दिसलो की घाल गाऊन. सगळ्यांका थोडाच जमता? ज्याका जमूक नाय, तेचो फोटो रातोरात काचेतून काढून हय ठेयत. म्हणत, ता पोर वाटेन मान खाली घालून जाता, माका बगवत नाय." मग त्यांनी झाकण लावलं. "ह्ये लावचे नाय. लोकांची लाज भिंतीर कित्याक?"

पटण्यासारखंच होतं. पण घरी गेल्यावर मला चैन पडेना. माझा फोटो तर यादीत पहिला होता. वाचनालयाच्या अध्यक्षांनीच सुचवलं होतं, दारातून आत शिरलं की समोर मोठा करून लावायचा, खाली माझी गोष्ट लिहायची. तातूंचं पुण्य एका फोटोत दिसेल, असं ते म्हणाले होते आणि मलाही ते आवडलं होतं. आता त्या खोक्याशिवाय तो लावणं मला खोटं वाटू लागलं. आणि खोकं उघडायचं तर त्या माणसांना विचारल्याशिवाय कसं? शेवटी काकींकडून दोन फोटो मागून घेतले आणि निघालो.

शैला माझ्या वर्गातली. अकरावीत आई आजारी पडली तेव्हा तिने कॉलेज सोडलं. आता तारकर्लीला पर्यटकांसाठी खानावळ चालवते. मी गेलो तेव्हा नारळ खवत होती. फोटो बघितला आणि खवलेल्या खोबऱ्याचे हात तसेच वर धरून हसत सुटली. "अगो बाये माझे! ही मी? मेल्या, ह्यो तर दशावतारातलो राजा!" मग म्हणाली, "माझा लगीन ठरला तेव्हा मामान तातूकडसून ह्याच फोटोची कॉपी मागून घेतल्यान आणि सासरी दाखवल्यान. सासू अजून पाव्हण्यांका सांगता, सून ग्रॅज्युएट आसा. मी काय तिका खोटी पाडूक जावक नाय."

मी विचारलं, प्रदर्शनात लावू का?

"तुझो खंय लावतंस?"

"दारासमोर."

"मोठो?"

"हो... मोठा."

तिचं हसणं थांबलं नाही, पण बोलणं थेट आलं. "वा रे मास्तर! तू पास झालंस म्हणान भिंतीर आणि आमी रवलंव म्हणान खोक्यात! आमका काय तातून वेगळ्या कॅमेऱ्यान काढल्यान?"

 तिने माशांची कढी वाढली, ती मी जेवलो.

बाळू माझ्यापेक्षा एक वर्षाने मागे होता. नाक्यावर त्याची रिक्षा असते. लांबूनच ओरडला, "काय मास्तर, आज पायी? सरकारान पगार थांबवल्यान की काय?" मी फोटो पुढे केला. त्याने तो घेतला आणि रिक्षाच्या आत, पाठ करून बघत बसला. "ह्यो आसा अजून?" मग पाठ न वळवता म्हणाला, "ह्यो काचेत लागलो तेव्हा आवशीन वाडीत साखर वाटल्यान. मगे बारावीक दोनदा आपाटलंय. त्या तिठ्यावरसून मी रिक्षा न्हेयनासय, सदा. बंदरार जावचा झाला तरी देवळाकडसून वळसो घाली. एक दिवस कोणीतरी सांगितल्यान, काचेतसून तुझो फोटो गेलो. माका वाटला, तातून फाडल्यान."

"फाडला नाही. जपून ठेवला होता."

"ता दिसता." मग एकदम चिडल्यासारखा म्हणाला, "आणि भिंतीर लावन खाली काय लिवतलंस? तुझ्या खाली बी.ए., बी.एड. आणि माझ्या खाली काय? नापास?"

"मग काय लिहू? तूच सांग."

"माका गिऱ्हाईक आसा," म्हणाला आणि रिक्षा चालू करून निघून गेला. गिऱ्हाईक कुणी नव्हतं. फोटो मात्र त्याच्याकडेच राहिला.

त्यानंतर मी जमिनीवर फोटो मांडायचो आणि पुन्हा गोळा करायचो. अध्यक्षांचे फोन येत होते, यादी द्या, फ्रेमवाला खोळंबलाय. गाऊनवाले सगळे काढून टाकावेत, माझाही, म्हणजे प्रश्नच मिटला, असंही एकदा वाटलं. पण तातूंच्या प्रदर्शनात तो गाऊन नाही तर मग तातू कुठले? काकींना परत विचारलं तर म्हणाल्या, "माका इचारू नको. काढले तेंनी, लपयले तेंनी. तेंकाच इचार." फोनवर तातूंना ऐकू यायचं नाही. काहीही विचारलं तरी "बरो आसय, बरो आसय" म्हणून फोन ठेवून देत. म्हणून मी पत्र लिहिलं, ताईने वाचून दाखवावं म्हणून.

पत्र पोचलं, हे ताईने मला मागाहून सांगितलं. ताईने ते मोठ्याने वाचून दाखवलं. बाळूचा भाग तातूंनी दोनदा वाचायला लावला. शेवटी हसले आणि म्हणाले, "जबाब मी थय येवन देतंय." त्यानंतर आठवडाभरातच ते गेले.

प्रदर्शन पुढे ढकललं आहे, पण ते होईल. मी विचारलं ते बरोबर की चूक, आजारी माणसाला असा घोर लावायला हवा होता का, हे अजून माझ्या मनात चालूच असतं. पोस्टात टाकण्याआधी मोबाइलवर पत्राचा फोटो काढून ठेवला होता. ते पत्र असं...

तीर्थस्वरूप तातूंस, साष्टांग नमस्कार.

तब्येतीची काळजी घ्या. इकडे काकी बऱ्या आहेत, तुमच्या नावाने रोज कुरकुरतात, म्हणजे बऱ्याच आहेत.

एक गोष्ट तुम्हाला न विचारता केली. खालच्या खणातलं खोकं उघडलं. काकींचा दोष नाही, त्या नकोच म्हणत होत्या. आतल्या सगळ्यांना मी भेटलो, मुंबईतल्यांना फोन केले. एकाने नको म्हटलं, त्याचा लावणार नाही. बाकी सगळे हो म्हणाले. शैला तर म्हणते, उद्घाटनाला सासूला आणणार नाही.

परवा बाळू आला होता. रिक्षा थेट स्टुडिओच्या दारात उभी केली आणि बारावीतल्या मुलीला घेऊन आत आला. त्याचा फोटो परत आणून दिला. मी जमिनीवर सगळे गाऊनवाले ओळीने मांडले होते, ते तो खाली बसून बघत राहिला. मग म्हणाला, "सगळ्यांच्या खाली एकच लिव. धावी पास. ता कोणाचाच खोटा नाय." त्याची मुलगी टोपी बघून इतकी हसली की तोही हसायला लागला.

मला ते पटलं. सगळे फोटो एकाच मापाचे, एका ओळीत, ज्या वर्षी काढले त्या क्रमाने लावायचे. माझा मधे कुठेतरी येतो. खाली नाव आणि दहावी पास, एवढंच. माझ्याही खाली. काकी म्हणतात, तुमची परवानगी हवी. ती मागायला हे पत्र.

ओळीच्या शेवटी एक जागा मोकळी ठेवली आहे. काकींनी ट्रंकेतून गाऊन काढला, उन्हात घातला, गोंडा परत शिवला. इतक्या जणांना तो घातलात, पण तुमचा त्यातला फोटो कुणी काढलेला नाही. तुम्ही आलात की निळ्या पडद्यासमोर बसायचं, बटण मी दाबीन. त्याच्या खाली काय लिहू, तेवढं कळवा. तुमची शाळा कितवीत सुटली, हे मी तुम्हाला कधी विचारलंच नाही.

तुमचा,
सदा