पाओछिनचं झाकण

तर लाकडी हातोडी अजून लिआओ उस्तादाच्या हातात होती आणि चहादाणीचे तुकडे त्याच्या पायाशी पडले होते. काल आपण इथंच थांबलो. पण काल सगळे नव्हते, तेव्हा थोडं मागं जाऊ, म्हणजे ते तुकडे कुणाचे, ते सगळ्यांना कळेल.

लिआओ चिंगफू हा शूशान टेकडीखालचा कारागीर. टेकडीच्या चढणीवर ती लांबलचक भट्टी आडवी पडलेली, खाली कालवा, आणि मधल्या घराघरांतून दिवसभर थापटण्यांची टपटप. चाक इथं कुणी फिरवत नाही. मातीची पोळी थापायची, पट्टी कापायची, गोल वळवून जोडायची आणि बाहेरून थापटत थापटत तिला पोट आणायचं. चिंगफूची टपटप भिंतीपलीकडून ओळखू यायची. त्याच्या हाताचा लौकिकच तसा होता. एकदा एका लग्नाच्या पंगतीत हा डोळे मिटून बसला होता. मागं कुणीतरी चहा ओतला, झाकण जरासं वाजलं, आणि डोळे न उघडताच हा म्हणाला, "गेंगची आहे. झाकण सैल."

गेंग आबा हाही कारागीरच, समोर बसलेला. त्यानं उठून सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं सांगितलं, "सैल आहे म्हणूनच पटकन उघडते! तहानलेल्या माणसाला घट्ट झाकण काय करायचंय?"

लोक हसून हसून लोळले. चिंगफू मात्र हसला नाही. तो एवढंच म्हणाला, "शिक्के गिऱ्हाइकांसाठी असतात. ज्याला हात आहेत, त्यानं शिक्का कशाला वाचायचा?" हे वाक्य त्याचं आवडतं होतं. पुढं ते त्याला कोणत्या भावात पडलं, तेच सांगायचंय.

बादशाही जाऊन पुरुषांवर वेण्या कापायची सक्ती झाली, त्याला पाच-सहा वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. शांघायच्या एका दुकानानं चोवीस चहादाण्या मागवल्या. सगळ्या एकाच घडणीच्या, बसक्या, गोल, संत्र्याएवढ्या. तळाशी दुकानाचा मोठा चौकोनी शिक्का, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला ज्यानं घडवली त्याचा स्वतःचा बारीक शिक्का. दुकानाची अट एकच होती. तळाला आमचं नाव उमटलेली एकही खोट असलेली वस्तू बाजारात दिसता कामा नये. जी पसंत पडणार नाही ती तिथल्या तिथं फोडायची. पारख करायची चिंगफूनं, आणि दुकानाचा माणूस फांग शेजारी उभा राहणार.

तेवीस चहादाण्या कारागिरांत वाटून झाल्या, एक उरली. कारागीर कमी पडले. तेव्हा चिंगफूच म्हणाला, "चोविसावी पाओछिन करील."

पाओछिन म्हणजे त्याच्या धाकट्या भावाची बायको. भाऊ पटकीनं गेला तेव्हा त्याचा शिक्का त्याच्याबरोबर शवपेटीत ठेवला होता. तोवर ती नवऱ्याच्या हाताखाली काम करायची आणि नाव नवऱ्याचं उमटायचं. नंतरची सहा वर्षं ती थोरल्या दिराला तोट्या घडवून देत होती. तिच्या तोटीतून धार सुटली की सुरीनं कापल्यासारखी थांबायची, खाली एक थेंब ओघळायचा नाही. पण तोटीवर कुणी नाव घालत नाही. आता तिला आख्खी चहादाणी मिळाली होती. तिनं गावातल्या कोरणाऱ्याकडून एका कठीण लाकडाच्या तुकड्यावर शिक्का कोरून आणला. दोनच अक्षरं. पाओ आणि छिन. सासरचं आडनाव नाही, माहेरचंही नाही.

कालव्याच्या पायऱ्यांवर गेंग आबानं तिला गाठलंच. "ऐकलंत का, आता कोंबड्यासुद्धा अंड्यावर नाव घालणार म्हणे!"

"घालतील की आबा," पाओछिन धुणं आपटत म्हणाली. "अंडं निदान गळत तरी नाही."

म्हातारा इतका खूश झाला की घरोघरी जाऊन स्वतःचीच ही फजिती सांगत सुटला.

भट्टी उघडली ती सकाळी. अंगणात दोन बाकं मांडली, चोवीस चहादाण्या ओळीनं ठेवल्या. सगळ्या पिकलेल्या चेस्टनटच्या तांबूस-तपकिरी रंगाच्या, अजून कोमट. चिंगफूनं चार-चार झाकणं एकदम उचलायची, आतली राख फुंकायची, कड बोटानं पुसायची, झाकणं परत ठेवायची, असं करत करत सगळी ओळ साफ केली. मग पारख सुरू झाली. पाणी भरायचं, झाकणावरच्या भोकावर बोट दाबायचं आणि चहादाणी वाकवायची. झाकण घट्ट असेल तर धार थांबते. बोट उचललं की पुन्हा सुटते.

नऊ झाल्या, दहा झाल्या. अकरावी पाओछिनची. त्यानं हातात घेतली आणि झाकण खडखडलं. अंगणातल्या सगळ्यांनी ऐकलं. त्यानं पाणी भरलं, बोट दाबलं, वाकवली. धार थांबेना. कडेनं पाणी झिरपून त्याच्या मनगटावरून बाहीत गेलं.

पाओछिन पुढं आली. "थोरले भाऊजी, झाकण घट्ट होतं. भट्टीत लावताना मी स्वतः बघितलंय."

"मग आगीनं सैल केलं असेल."

"एकदा पुन्हा बघा ना."

फांग बघत होता. अंगणात तीस-चाळीस माणसं उभी होती. चिंगफू म्हणाला, "माझा हात खोटं बोलतो का?" त्यानं झाकण काढून बाकावर ठेवलं आणि हातोडीचा एकच घाव घातला.

म्हणजे आपण काल थांबलो तिथं परत आलो.

पाओछिननं तुकड्यांकडे पाहिलं नाही. कंबरेला बांधलेलं फडकं सोडलं, हात पुसले आणि ती घराकडे निघाली. चिंगफूनं पुढची चहादाणी घेतली. बारावी, गेंग आबाची. तिचं झाकण काही केल्या बसेना. तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढं वर राहिलं. गेंगचं झाकण घट्ट? आयुष्यात पहिल्यांदा त्यानं अंगणात, लोकांसमोर, झाकण उलटं करून शिक्का वाचला.

पाओ. छिन.

राख फुंकताना त्याच्याच हातानं दोन झाकणांची अदलाबदल केली होती. बाकावर ठेवलेलं ते खडखडणारं झाकण गेंगचं होतं. ते उचलताना एकदा उलटं करून बघितलं असतं, तर एका श्वासात उलगडा झाला असता.

त्यानं काय केलं? खोकला. खोकता खोकता हातातलं झाकण बाहीत सोडलं, बाकावरचं गेंगच्या चहादाणीवर ठेवलं. ते आपल्या जागी नीट बसलं. त्यानं पाणी भरलं, बोट दाबलं आणि म्हणाला, "गेंग, या खेपेला जमलीय."

"जमणारच!" गेंग आबा म्हणाला. "या खेपेला शुद्धीत होतो!"

सगळे हसले. फांगनं तेवीस चहादाण्या गवतात बांधल्या आणि नावेत चढवल्या. फुटलेल्या चहादाणीचं झाकण कुठं गेलं, हे कुणी कशाला विचारील?

चिंगफू वाईट माणूस होता, असं कुणी म्हणणार नाही. त्यानं ठरवलं, फांग गेला की सांगू. फांग गेला तेव्हा वाटलं, आज तिचं मन ठिकाणावर नसेल, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी तिच्या दारात गेंगची सून बसलेली होती. तिसऱ्या दिवशी तो गेला. पाओछिन चुलीपाशी होती, हंडीत पेज रटरटत होती, आणि जळणात त्या कठीण लाकडाच्या शिक्क्याचं अर्धं टोक दिसत होतं.

"काय काम होतं, भाऊजी?"

"काही नाही. तोट्या हव्या होत्या चार."

"तोट्या आता करणार नाही. तिंगशानला रांजणांच्या कारखान्यात बोलावलंय, तिकडं जाते."

एवढंच झालं. तिंगशान काही परदेश नाही, सकाळी निघालं तर जेवणवेळेला पोचता येतं. तिथं सोयाच्या चटणीचे माणूसभर उंच रांजण होतात. रांजणावर वेताची टोपली पालथी घालतात, तीच झाकण. सैल काय आणि घट्ट काय. नावही कुणी घालत नाही. जिच्या तोटीतून थेंब ओघळत नसे, ती बाई गुडघाभर चिखल तुडवू लागली. दर नववर्षाला मात्र ती न चुकता यायची, तांदळाच्या वड्या आणायची, वाकून म्हणायची, "थोरले भाऊजी, तब्येत सांभाळा." चिंगफूला त्या वड्या गिळताना पाणी लागायचं. ती चिडली असती, चार शब्द बोलली असती, तर त्याला जीभ उचलता आली असती असं त्याला वाटे. पण ती बोलली नाही आणि त्यालाही जमलं नाही.

मग त्यानं काय मनावर घेतलं, तर त्या झाकणासाठी चहादाणी करायची.

हे ऐकायला सोपं वाटतं. पण झाकण आणि चहादाणी एकाच गोळ्यातून, एकाच दिवशी करतात. दोघं बरोबर सुकतात, बरोबर भाजतात, बरोबर आटतात. भाजून झालेलं झाकण आता आटणार नव्हतं. ओली चहादाणी किती मोठी धरली म्हणजे ती आगीत आटून बरोबर त्याच्या मापाला येईल, याचा अंदाज देवालाही कठीण. त्यात ती मातीची खाण दुसऱ्याच पावसाळ्यात पाण्यानं भरली आणि नवी माती वेगळ्याच चालीनं आटायची. पहिली चहादाणी झाली ती तोंडानं मोठी, झाकण आतच पडलं. दुसरी लहान. तिसऱ्या-चौथ्या भट्टीत केसाएवढा फरक राहिला. पण चहादाणीला केस आणि कोस सारखेच. दर वेळी तो स्वतः हातोडी घ्यायचा.

भट्टीवाल्यांना फक्त एवढंच दिसायचं की उस्ताद बिनझाकणाची चहादाणी आत लावतोय. "उस्ताद, टोपी विसरलात!" "उस्ताद, बिचारीला सर्दी होईल!" त्याची बायको म्हणायची, "दुनियेची झाकणं पारखणारा माणूस, आणि स्वतःच्या चहादाणीला झाकण मिळेना." तो ऐकून घ्यायचा. लग्नाच्या पंगतीत कुणी मुद्दाम झाकण वाजवून विचारलं, "ओळखा, कुणाची?" तर तो आता उठून जायचा, चहादाणी हातात घ्यायचा आणि झाकण उलटं करून नाव वाचायचा. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचे कान गेले.

अशी अकरा वर्षं गेली. अकराव्या वर्षी, भाताची कापणी चालू असताना, भट्टीतून एक निघाली. त्यानं झाकण ठेवलं. ते हळूच, हवा दाबत, श्वास सोडल्यासारखं खाली बसलं. बोंडाला धरून उचललं तर चहादाणीसकट वर आलं. पाणी भरलं, बोट दाबलं, धार थांबली. चिंगफू भट्टीच्या पायरीवर बसून राहिला. तळाशी त्यानं कोणताच शिक्का घातला नव्हता.

तिंगशानच्या वाटेवर त्यानं तीन थापा तयार केल्या. एक, फळीमागं उंदराचं बीळ बुजवताना झाकण सापडलं. दुसरी, गेंग आबानं मरताना कबूल केलं. गेंग आबा मेला होताच, तो काही उठून हरकत घेणार नव्हता. तिसरी, फांगनं शांघायहून परत पाठवलं. तिन्ही चांगल्या होत्या. कारखान्याच्या फाटकापर्यंत त्यानं उंदराची नक्की केली होती.

दुपारची वेळ. पाओछिन एका रांजणाच्या पोटात उभी होती, फक्त खांद्यापासून वर दिसत होती. केस पांढरे झालेले, कोपरापर्यंत चिखल.

"भाऊजी? एवढ्या लांब चालत? घरी सगळं ठीक ना?"

"ठीक आहे. तू बाहेर ये."

"एकदा आत शिरलं की बाहेर यायला जेवणाची घंटाच व्हावी लागते," ती हसली. बाजूच्या दोन बायाही हसल्या. मग त्याचा चेहरा बघून ती बाहेर आली, घंगाळात हात धुतले. त्यानं फडकं सोडून चहादाणी पालथ्या घातलेल्या एका लहान रांजणाच्या बुडावर ठेवली.

तिनं आधी तोटी बघितली. सवयच ती. "तोटी जाड झालीय."

"तोट्या मला कधी जमल्या?"

तिनं झाकण उचललं आणि उलटं केलं. चिखलाच्या भेगा पडलेल्या अंगठ्यानं तिनं ती दोन अक्षरं चाचपली, आंधळं माणूस चाचपतं तशी. मग चहादाणी पालथी करून कोरा तळ बघितला, पुन्हा सुलट केली. घंगाळातलं पाणी भरलं, भोकावर बोट ठेवलं, वाकवली. धार थांबली. बोट उचललं, सुटली. पुन्हा ठेवलं, थांबली.

"घट्ट होतं," ती म्हणाली. त्याला उद्देशून नाही, नुसतंच.

"होतं."

बाजूच्या बायांनी थापटणी थांबवली होती. पाओछिननं चहादाणी खाली ठेवली आणि त्या अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत सरळ बघून विचारलं, "भाऊजी, तुम्हाला कधी कळलं?"

उंदीर, फळी, बीळ, सगळं त्याच्या जिभेवर तयार होतं. लिआओ चिंगफूनं एकदा तिच्या हातांकडे बघितलं आणि म्हणाला, "त्याच दिवशी, तू अंगणाच्या दारातून बाहेर पडत होतीस तेव्हाच. हाक मारली असती तर तुला ऐकू गेली असती. मी नाही मारली. घरी जाऊन दोन वाडगे भात जेवलो."