माशाचं डोकं

चीनमधल्या वनचौ शहरातल्या एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात वंग चाओल्यांगनं बावीस वर्षं विक्री सांभाळली. शिक्षण बेताचं, पण जेवणाच्या टेबलावर त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. दारासमोरची मानाची खुर्ची कुणाची, वाफवलेल्या माशाचं डोकं कुणाकडे करायचं, पेले भिडवताना मान म्हणून आपला किती खाली धरायचा, हे तो झोपेतही सांगेल. मालक पीत नसे, म्हणून त्याच्या वाटची ज्वारीची दारूही हाच प्यायचा. सौदे कारखान्याला मिळाले, यकृत याचं गेलं.

मालक वारला आणि मुलगा थांग जुनहाव कारभार बघू लागला. व्यवस्थापन शिकून आलेला गडी. त्याला सगळं लिहिलेलं लागे.

"वंगकाका, डोक्यातलं सगळं कागदावर आणा. पोरांना शिकवायचंय. प्रशिक्षण विभाग काढतोय, त्याला प्रमुख लागेलच की!"

त्रेपन्न वर्षांच्या, डॉक्टरनं दारू बंद केलेल्या विक्रेत्याला दुसरं कोण दारात उभं करणार? वंगला ते पद हवंच होतं. आठ महिने तो लिहीत बसला. जन्मभर परक्यांच्या मनातलं ओळखलं, आणि आपल्याच नव्या मालकापुढे हा माणूस आंधळा झाला. राग येतो तो याचाच.

"सगळं देऊन बसू नका हो," बायको रुईफन म्हणाली. "थोडं पोटात ठेवा."

"अगं, अर्धवट दिलं तर प्रमुख कोण करील मला?"

नवव्या प्रकरणावर त्याचा फार जीव होता. नकार कसा द्यावा, ते त्यात होतं. समोरच्याला कधीही तोंडावर नाही म्हणू नये, त्याची अब्रू जाते. त्याला दारासमोर बसवावं, माशाचं डोकं त्याच्याकडे करावं, पेला त्याच्याहून खाली धरावा आणि म्हणावं, ‘बघूया, नीट अभ्यास करतो.’ कळायचं ते त्याला कळतं.

पुस्तक छापून आलं, त्याबद्दल थांगनं दुपारचं जेवण ठेवलं. वंग नवा कोट घालून आला आणि सवयीनं दाराजवळच्या, वाढप्यांवर लक्ष ठेवायच्या खुर्चीकडे वळला. थांगनं त्याचा हात धरला.

"छे छे, काका! आज तिकडे नाही. इकडे, दारासमोर!"

वंग बसला. त्याची जुनी जागा शाओयुन नावाच्या मुलीनं घेतली. पुस्तकाची शुद्ध प्रत तिनंच केली होती. मासा आला. तिनं टेबलाची फिरती चकती हलकेच ढकलली. डोकं वंगसमोर येऊन थांबलं. अगदी बरोबर थांबलं, शिकवलं तसंच.

तरी त्यानं विचारलंच. "साहेब, ते प्रमुखपदाचं..."

थांग उठला. दोन्ही हातांनी पेला धरून त्यानं तो वंगच्या पेल्याच्या खूप खाली नेला.

"बघूया, काका. नीट अभ्यास करतो."

त्या खुर्चीतल्या माणसानं पुढे काय करावं, हे वंगनं पुस्तकात लिहिलं नव्हतं. तसा प्रश्न बावीस वर्षांत त्याला पडलाच नव्हता. डॉक्टरनं बंद केलेली दारू त्यानं एका घोटात संपवली आणि मासा ताजा आहे म्हणाला.

घरी रुईफन दारातच उभी होती. "काय म्हणाले?"

"बघूया म्हणाले."

तिनं त्याच्या अंगावरचा नवा कोट उतरवून घेतला. इतक्या वर्षांच्या संसारात त्याचं नववं प्रकरण तिलाही पाठ झालं होतं.