सौरभची कावीळ

लुथरन म्हणजे काय, हे खांदेश्वरात कोणाला सांगायला जावं तर समोरचा म्हणतो, "म्हणजे कॅथलिक ना?" आणि नाही म्हटलं की पुढचं ऐकायला त्याला वेळ नसतो. पोपला न मानणारे ख्रिस्ती, एवढंच ते; पण सुचित्रा रणभिसेने ते सांगणं कधीच सोडून दिलं होतं. तिची मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, तशी मूठभर. नवीन पनवेलच्या एका शाळेच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी मराठी उपासना व्हायची आणि त्याच बाकांवर दुपारी तमिळ मंडळी बसायची.

माणसं मूठभर असली की सगळ्यांना सगळ्यांचं सगळं ठाऊक असतं. आजाऱ्यांसाठी प्रार्थना करण्याआधी पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू उदयसिंह गोर्डे, विचारायचे, "कोणाचं नाव घ्यायचं?" मग बसल्या जागेवरून नावं यायची, आजारासकट. कोणाची शुगर, कोणाचा स्टोन. पुतळामावशींचे गुडघे तर इतकी वर्षं प्रार्थनेत होते की देवालाही ते पाठ झाले असतील, असं लोक गमतीने म्हणायचे.

नवरा गेल्यापासून सुचित्राला होता तो एकुलता एक मुलगा, सौरभ. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना तो म्हणायला लागला की भिंतीपलीकडे कोणीतरी आपल्याबद्दल बोलतंय. वाशीच्या डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया हा शब्द उच्चारला, नीट समजावून सांगितला आणि गोळ्या सुरू केल्या. गोळ्यांनी आवाज कमी झाले, झोप वाढली, वजनही वाढलं. उपासनेला येणं मात्र त्याने बंद केलं.

एका रविवारी पुतळामावशींनी मान वळवून भर उपासनेत विचारलं, "सौरभ का दिसंना गं?" सुचित्रा उभी राहिली. खरं सांगायचं, असं ती घरून ठरवून आली होती. पण सगळे चेहरे आपल्याकडे वळलेले पाहिले आणि तिच्या तोंडून निघालं, "सौरभला कावीळ झालीय."

ही सुचित्रा जासईच्या एका कंटेनर यार्डात कामाला होती. कागदावर एक आणि कंटेनरमध्ये भलतंच निघालं की ती भल्याभल्यांना फैलावर घ्यायची. आता तिच्याच घरात तेच चाललं होतं आणि फैलावर घ्यायला कोणी नव्हतं.

मंडळीने कावीळ मनावर घेतली. उसाचा रस आला, मुळ्याचा पाला आला, बिनतेलाच्या भाज्यांचे डबे आले. कावीळ उतरवायचं मंत्रतंत्र मंडळीत चालत नाही, पण झाडपाल्याला कोणाची ना नसते. कावीळ झालेला पोरगा जाड कसा होत चाललाय, हे मात्र कोणी विचारलं नाही. माणसं भली असली की फार विचारत नाहीत. सौरभ पाहुण्यांसमोर गुमान रस प्यायचा आणि आईकडे बघायचा.

घात झाला तो पुतळामावशींच्या मायेने. एकदा पाणी घ्यायला त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि फ्रीजवर ठेवलेली गोळ्यांची पाकिटं घेऊन बाहेर आल्या. "अगं बाई, काविळीत ह्या इंग्रजी गोळ्या? लिव्हर जाईल ना पोराचं! आधी बंद कर ह्या."

सौरभ समोरच बसला होता. सुचित्राला एकच वाक्य बोलायचं होतं, की मावशी, त्या गोळ्या काविळीच्या नाहीत. पण त्या एका वाक्याला पुढची दहा वाक्यं चिकटलेली होती. ती म्हणाली, "हो मावशी, बंद करते."

मावशी गेल्यावर तिने गोळी पुढे केली, तर सौरभने हात मागे घेतला. "तूच म्हणालीस ना बंद करते? मग केल्या बंद. मला तशापण नकोच आहेत." तिने समजावलं, रागावली, वरणात कालवून पाहिली. त्याने ताट सरकवलं. डॉक्टरांना फोन करायचा तर काय झालं ते सांगावं लागणार, म्हणून आज करू, उद्या करू असं ती स्वतःलाच सांगत राहिली. आवाज परत यायला फार दिवस लागले नाहीत.

एका दुपारी यार्डाच्या गेटवरचा कुंदन धापा टाकत ऑफिसात आला. "म्याडम, तुमचा पोर हाय का तो? कंटेनर ठोकतंय नं बोलतंय, माझे आयेला आत कोंडलीय."

ती धावली. सौरभ अनवाणी होता. खांदेश्वरपासून तो कसा आला कोण जाणे. एकामागून एक कंटेनरवर तो मुठी आपटत होता, मुठींतून रक्त येत होतं आणि तो ओरडत होता, "आई, मी आलोय, घाबरू नकोस!" सुचित्राने त्याला मागून मिठी मारली तरी त्याला ती ओळखू येईना. तिला सोडवायला आला होता बिचारा, आणि तिने मात्र त्याला काविळीत कोंडून ठेवलं होतं. हे तिच्या मनात त्याच क्षणी आलं आणि मग काही केल्या जाईना.

सौरभला हॉस्पिटलात दाखल केल्यावर ती पाळकसाहेबांकडे गेली. एकट्याने पाळकाजवळ पापांगीकार करायची, म्हणजे आपलं पाप बोलून दाखवायची, रीत लुथरन मंडळीत आहे, पण वापरतं कोण? रविवारी सगळ्यांनी मिळून मोघम म्हटलं की भागतं. सुचित्राने गुडघे टेकले आणि सगळं सांगितलं. "माझ्याच कुठल्या तरी पापाने त्याला हे झालं," असंही म्हणाली.

गोर्डे तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले. मग म्हणाले, "बाई, आजार हे पाप नाही. ना तुमचं, ना त्याचं. त्याची क्षमा मी दिली तर मीच खोटा ठरेन. त्याला डॉक्टर आहे, औषध आहे. खोटं बोललात ते पाप. त्याची क्षमा आहे." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून क्षमेचे शब्द म्हटले.

"एवढंच?" ती म्हणाली. "काहीतरी शिक्षा सांगा. उपास सांगा."

"आपल्यात ती सोय नाही. क्षमा फुकटच घ्यावी लागते."

सुचित्राला त्यांचा राग आला. फुकटचं तिला पचेना. पोराच्या हातांना टाके पडलेत आणि आपण नुसतं डोकं पुढे करून मोकळं व्हायचं? गोर्डे पुढे म्हणाले, "इतकी वर्षं मी गुडघ्यांची चौकशी केली. मनाचा आजारही इथे बोलायचा असतो, हे मी कधी सांगितलं नाही. तुम्हाला ते नाव घेता आलं नाही, यात माझाही वाटा आहे." मंडळीला तुम्हीच सांगा, असं तिने विनवलं. ते म्हणाले, "आधी सौरभला विचारा. आजार त्याचा आहे." ही गोष्ट तिला तोवर सुचलीच नव्हती.

वॉर्डात तिने विचारलं. सौरभ भिंतीकडे बघत म्हणाला, "सांग."

रविवारी ती उभी राहिली आणि सगळं सांगितलं, गोळ्यांसकट. मग पुतळामावशींनी पदर तोंडाला लावला. "माझ्याच हाताने घडलं की गं हे!"

"तुम्हाला ठाऊक नव्हतं, मावशी. मला होतं."

त्या दिवशी प्रार्थनेत आजाराचं खरं नाव घेतलं गेलं. पुढच्या आठवड्यात गोर्ड्यांनी वाशीच्या डॉक्टरांनाच बोलावलं. गोळ्या का सोडायच्या नसतात हे त्यांनी साध्या मराठीत सांगितलं आणि कुणाकुणाच्या घरातल्या गोष्टी हळूहळू बाहेर यायला लागल्या. सौरभ घरी परतला, तेव्हा सुचित्राची ड्युटी असली की कोणीतरी त्याला तपासणीला नेऊ लागलं. सगळेच काही सुधारले नाहीत. तो पुन्हा उपासनेला यायला लागला, तर एक-दोन घरं त्याच्या शेजारच्या बाकावर बसायचं टाळायची, ते तिला दिसायचं. पुतळामावशी मात्र रोज संध्याकाळी जिना चढून यायच्या, सौरभशी पत्ते खेळायच्या, त्याने गोळी गिळली की मगच उठायच्या.

अशाच एका संध्याकाळी मावशी यायच्या होत्या. सौरभ पत्ते पिसत होता. टाक्यांनी त्याची बोटं अजून आखडलेली होती, त्यामुळे पत्ते निसटत होते. मध्येच तो म्हणाला, "तू कावीळ सांगितलंस ना, तेव्हा मला वाटलं, हिला माझी लाज वाटते."

सुचित्राच्या ओठांवर "छे रे!" तयारच होतं. ते तिने गिळलं.

"वाटत होती," ती म्हणाली.

"आणि आता?"

तिला रडू आवरेना. जगातलं सगळ्यात सोपं उत्तर समोर होतं आणि ते खोटं होतं.

"थोडी वाटते अजून."

सौरभने पडलेला पत्ता उचलला आणि गड्डीत घातला.

"मलापण," तो म्हणाला.