सामनेवाला म्हणजे समोर राहणारा

फायली निकाली निघाल्या की रेकॉर्ड रूममध्ये जातात. किस्से मात्र कुणीच जमा करून घेत नाही, त्यामुळे ते भोकर कोर्टातल्या आम्हा वकिलांच्या बार रूममध्येच साठत राहतात. त्यात गेल्या वर्षी मी लॅपटॉपवर एआय घेतलं आणि मग काय, भरच पडली! चारशे पानांची फाईल आत टाकायची, की ते एका पानावर चित्र काढून देतं. मधल्या चौकोनात वडील, खाली मुलं-मुली, रेघांच्या टोकाला जमिनीचे गट नंबर. ह्याला माइंड मॅप म्हणतात. आमचे सीनियर कांबळे सर त्याला 'मॅडमची रांगोळी' म्हणतात.

*

पहिली रांगोळी काढली ती गोदाअक्काच्या वाटणीच्या दाव्याची. अक्काला इस्लापूरकडं दिलेली. तिनं वडिलांच्या जमिनीत हिस्सा मागितला आणि धाकट्या भावानं, किसननं, त्या दिवसापासून बोलणं टाकलं. सहा वर्षं झाली.

प्रत्येक तारखेला ती माझ्याजवळ येऊन एकच विचारते, "मॅडम, आज बोलंल का वो त्यो?"

निकाल कधी लागणार, हे तिनं अजून एकदाही विचारलेलं नाही.

तर मॅप आला. सर चष्मा वर करून बघत राहिले. "मॅडम, हा मयत कोण? गावातली निम्मी जमीन ह्याच्याच नावावर दिसून राहिली!"

जमिनीच्या जुन्या फेरफार नोंदींत जिथं जिथं 'मयत' लिहिलं होतं, ते सगळं एआयनं एकाच माणसाचं नाव समजून एकत्र केलं होतं. मयतरावांना चार बायका, सतरा लेकरं आणि तीन विहिरी! आमची हसून हसून पुरेवाट झाली. शेवटी अक्कालाही तो विनोद समजावून सांगितला.

"हसा की," ती म्हणाली, "पर त्यातला एक माझा बाप हाय."

*

आमच्या जुन्या नोटिशीत किसनला 'सामनेवाला' म्हटलं होतं, म्हणजे विरुद्ध बाजूचा. एआयनं अर्थ लावला, 'समोरच्या घरात राहणारा', आणि सख्ख्या भावाचा चौकोन उचलून शेजाऱ्यांत नेऊन टाकला! बार रूममध्ये पुन्हा हशा.

अक्का व्हरांड्याकडं बघत होती. तिथं किसन बाकड्यावर आमच्याकडं पाठ करून बसला होता.

"समोरच बसायचा वो जेवायला," ती म्हणाली. "सोताची भाकर ठिवायचा अन् माझ्या ताटातली उचलायचा!"

*

एकदा मी वारसा कायद्याचाच मॅप काढला. हिरवे चौकोन, निळ्या रेघा, सगळं कसं एका पानात! सरांनी तो दोनदा वाचला.

"इतकं सोपं हाय व्हय हे? मग मी बत्तीस वर्षं काय करून राहिलो?"

दुसऱ्या दिवशी मात्र हळूच माझ्या टेबलाशी आले. "ती रांगोळी मला पाठवा जरा. नात लातूरला लॉ करून राहिली, तिला देतो."

मी म्हटलं, "सर, तिच्याकडं ह्याहून भारी ॲप असेल."

"असू द्या हो! फोन करायला मला काहीतरी निमित्त पाहिजे ना!"

*

मी मूळची औशाची. लग्नानंतर भावाच्या नावे हक्कसोड पत्र करून दिलं, म्हणजे माझा जमिनीतला हिस्सा सोडला. अगदी हसत सही केली होती. एका दुपारी डबा खाता खाता गंमत म्हणून घरचेच कागद आत टाकले. वडील ठळक, भाऊ ठळक. माझा चौकोन राखाडी, आणि त्यावर लिहिलेलं, 'संबंध संपुष्टात.'

मी लॅपटॉपवरच ओरडले, "अरे, हक्क सोडलाय मी, औसा न्हाई सोडलं!"

सगळे हसले, मीही हसले. पण खरं सांगते, त्या दिवशी घरची फार आठवण आली. दाराच्या चौकटीत उभं राहून कुणीतरी 'आली का गं?' म्हणावं, एवढंच वाटत होतं. न राहवून भावाला फोन लावला.

तो म्हणाला, "बोल ताई, काय काम होतं?"

*

मागच्या महिन्यात कोर्टानं अक्काचा दावा मध्यस्थीला पाठवला. एका टेबलाशी दोन्ही पक्ष, दोन्ही वकील. किसननं तिथंही खुर्ची भिंतीकडं फिरवून घेतली. अक्कानं माझ्याकडं बघितलं, पण आज नेहमीचा प्रश्न विचारला नाही.

मी पूर्ण फाईल टाकून काढलेला ताजा मॅप टेबलावर पसरला. किसनचे वकील जवळजवळ उडालेच. "मॅडम! तिसरी वारस लपवली की तुम्ही!"

मी वाकून बघितलं. वडिलांच्या खाली तीन चौकोन. गोदाबाई, किसन, चंद्रकला. प्रत्येकापुढं लिहिलेलं, एक तृतीयांश हिस्सा. ग्रामपंचायतीच्या जुन्या जन्मनोंदीच्या उताऱ्यातून एआयनं हे नाव उचललं होतं. सहा वर्षांत आम्हा कुणाचंच तिकडं लक्ष गेलं नव्हतं.

"चार वर्साची व्हती ती," अक्का म्हणाली. "गोवरात गेली."

बापाच्या आधीच गेलेल्या लेकराला कसला हिस्सा? मी पेन उघडलं आणि त्या चौकोनावर काट मारायला गेले.

"मॅडम, ऱ्हाऊ द्या ते."

किसननं खुर्ची वळवली होती. तो कागदावर वाकला, चंद्रकलाच्या नावावर बोट ठेवलं. "हिला कडंवर घिऊन अक्का शेतात जायची. म्या मागं रडत चालायचो, मला बी घे म्हणून."

त्याचे वकील खाकरले. "किसनराव, जमिनीचं काय ते बोला."

किसन उठला. टोपी नीट केली, दारापर्यंत गेला आणि थांबला.

"अक्का, चल. गाडी चुकंल."