रिकामे अंगठे

माझा धाकटा भाऊ छापखान्यात मशीन चालवायचा. नाकावर माशी बसू देणार नाही असा मुलखाचा तापट. नवं मशीन आलं, याचं भंगारात गेलं आणि साहेबांनी याला मागच्या खोलीत नेऊन बसवलं. काम काही नाही. नऊ ते सहा नुसतं बसायचं. पेपर नाही, मोबाइल नाही. कंटाळून यानंच राजीनामा द्यावा, म्हणजे भरपाई द्यायला नको. केवढी ही मेल्यांची अक्कल!

"बसेन," तो म्हणाला. "बघू कोण आधी थकतं ते."

"शाब्बास!" मी म्हटलं.

महिना गेला. रात्री घरी जेवण झालं की तो हातात हात गुंफून बसायचा आणि अंगठे एकमेकांभोवती फिरत राहायचे. माझी लेक कॉलेजात इंग्रजी शिकते. ती हसली.

"मामा, इंग्रजीत रिकाम्या माणसाला हेच म्हणतात. अंगठे फिरवत बसलाय!"

"आपण माश्या मारतो, ते अंगठे फिरवतात," मी म्हटलं. "पण हे आलं कुठून?"

"कुणा एकानं काढलेलं नाही गं. बोटं एकमेकांत अडकवून बसलं की सुटे राहतात ते अंगठेच. काम नसलं की तेच फिरायला लागतात. लोकांनी पाहिलं, म्हणायला लागले."

मामा हसला नाही. त्यानं हात मांडीखाली दडवले.

पुढे त्याचं चिडणं-भांडणंच संपलं. एरवी मीठ जरा कमी पडलं तर ताट सरकवणारा माणूस! एकदा मी मुद्दाम अळणी भाजी वाढली. मुकाट्यानं जेवला, वर आणखी मागितली.

दुसऱ्या दिवशी मी तडक छापखाना गाठला. वॉचमनला दया आली, त्यानं आत सोडलं. खोलीला खिडकी नव्हती. एक खुर्ची, एक घड्याळ आणि माझा भाऊ. मी दारात उभी, तरी त्याला पत्ता नाही.

"अरे, पुरे झालं आता!" मला रडूच फुटलं. "खड्ड्यात गेली ती भरपाई. सही कर आणि घरी चल. एक घास कमी खाऊ."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

"अजून सहा वाजले नाहीत, ताई."

"अरे, मी तुला न्यायला आलेय!"

"मधेच कसं उठायचं?" त्यानं शर्ट नीट केला आणि पुन्हा ताठ बसला. "आणि जरा हळू बोल. कामावर आहे मी."