ओव्हाळबाईंच्या घरभेटी

विश्रांतवाडीतल्या त्या शाळेचं पाटीवरचं नाव इतकं लांबलचक होतं, की थांब्यावर उभं राहून ते वाचत बसलं तर बस निघून जायची. लोक तिला सरळ पत्र्याची शाळा म्हणत. आठवी, नववी, दहावी, प्रत्येकी दोन तुकड्या, डोक्यावर पत्रे आणि एप्रिलमध्ये भट्टी. मुलं रिक्षावाल्यांची, गवंड्यांची, चार घरची भांडी घासणाऱ्या बायांची. या शाळेत नंदा ओव्हाळ पंच्याऐंशी साली गणित शिकवायला आल्या आणि बावीस वर्षं तिथेच राहिल्या. त्यांच्याहून हुशार गणिताचे मास्तर पुण्यात पायलीचे पन्नास मिळतील. पण ओव्हाळबाईंसारखं पोरांच्या घरी जाणारं कोणी नव्हतं.

बाईंचे वडील खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात कामगार होते. छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर त्यांनी घरातले देव नदीत सोडले आणि रिकाम्या झालेल्या फळीवर पोरींची पुस्तकं ठेवली. फळीखालची जागा पोरींची. तिथे पाहुणासुद्धा बसायचा नाही. बाई त्या जागेवर बसून शिकल्या, बी.एड. झाल्या, आणि पोरगं नापास झालं की इतर शिक्षक त्याचं डोकं तपासत तेव्हा या त्याची बसायची जागा तपासत.

शाळेची रीत अशी, की जूनमध्ये प्रत्येक शिक्षकानं पाच कच्ची मुलं दत्तक घ्यायची. बाकीचे ती कागदावर घेत. बाई घरी जात. चहाचं विचारलं की म्हणत, "चहा नंतर. पोरगं अभ्यासाला कुठे बसतं ते आधी दाखवा." घर दहा बाय दहाचं, त्यात सहा माणसं आणि टीव्ही. कुठे बसतं ते कोणालाच माहीत नसे. मग बाई पर्समधून खडू काढत आणि कोपऱ्यात जमिनीवर एक चौकोन आखत. "संध्याकाळी सात ते नऊ यात याच्याशिवाय कोणी बसायचं नाही. आणि टीव्ही बंद."

लोक ते पाळत, हे नवल. बायकोचं, आईचं, मुकादमाचं न ऐकणारे बापे त्या खडूच्या रेघेला वचकून असत. एक जण तर रात्री झिंगून आला तरी चौकोनाला वळसा घालून झोपायला जाई. अशा चौकोनांत बसून कोणी बोर्डात आलं नाही. पण कोणी बसचा कंडक्टर झालं, कोणी ससूनला नर्स झालं, एक पोरगी तलाठी झाली. शाळेचा निकाल साठ-पासष्ट टक्क्यांच्या पुढे कधी सरकला नाही, आणि तेव्हा त्याचं कोणाला काही वाटतही नव्हतं.

मग दिवस पालटले. विमानतळाच्या रस्त्याला काचेच्या इमारती आल्या, कंपन्यांच्या गाड्या पहाटे पोरांना घरपोच सोडू लागल्या, आणि कुत्र्याच्या छत्र्या उगवाव्यात तशा गल्लोगल्ली इंग्लिश मीडियम शाळा उगवल्या. भांडी घासणारी बाईसुद्धा पोटाला चिमटा काढून पोराला टाय घालू लागली. तिला नावं ठेवायची सोय नव्हती. खुद्द ओव्हाळबाईंचा चेतन इंग्रजी शाळेत शिकून खराडीच्या एका कंपनीत लागला होता. स्टाफरूममध्ये हा विषय कोणी काढत नसे, कारण काढणाऱ्यांचीही पोरं तिथेच होती. मराठी शाळा वाचली पाहिजे असं सगळे म्हणत. दुसऱ्यांच्या पोरांनी वाचवावी, एवढंच.

पटसंख्या घसरली. दोन तुकड्यांची एक झाली. संस्थेच्या मंडळींनी फर्मान काढलं की पुढच्या दहावीचा निकाल शंभर टक्के लागला तरच शाळा चालवू. दोन हजार सात सालच्या एप्रिलमध्ये मुख्याध्यापक दिगंबर सरांनी बाईंना बोलावून घेतलं. सर काही वाईट माणूस नव्हते. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

"नववीतली चार मुलं दहावीला निकाल पाडणार," सर म्हणाले. "त्यांना सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावायचं ठरलंय."

सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे बाहेरून दहावी. ज्यांना पोटापाण्यामुळे शाळा सोडावी लागली त्यांच्यासाठी सरकारनं केलेली सोय. शाळांनी त्यात आपली सोय पाहिली. कच्च्या पोराच्या आईबापाला सांगायचं, नववी पास करून देतो, पण दाखला घेऊन जा. मग पोरगं नापास झालं तरी ते शाळेच्या निकालात धरत नाहीत. सुंठीवाचून खोकला गेला.

"तिघांच्या पालकांनी सह्या केल्या," सर म्हणाले. "चौथी हिरा. तिची आई म्हणते, ओव्हाळबाई सांगतील तरच सही करीन."

हिरा बाईंच्या दत्तक पाचांतली. मराठवाड्यातून तीन शाळा बदलत आलेली, अबोल, उंच पोरगी. गणितात पहिल्या चाचणीला बावीस, सहामाहीला सव्वीस, वार्षिकला एकोणतीस. दोन वर्षांत एक दिवस गैरहजर नाही. तापानं फणफणलेली असली तरी येऊन बसायची.

"सर, ती चढतेय," बाई म्हणाल्या. "जून ते मार्च माझ्याकडे द्या. पस्तीस काढून देते."

"लेखी देता?"

बाईंनी पर्सची चेन लावली.

"अहो ओव्हाळबाई, पोरीचे सहा मार्क कमी पडले तर पाच शिक्षक घरी बसतील. तुमची सहा वर्षं राहिलीत, तुमचं निभेल हो. बाकीच्यांनी काय करायचं? आणि बाहेरून बसली म्हणून शिकणं थांबतं थोडंच? जा की तुम्ही तिच्या घरी शिकवायला. तशाही जाताच."

त्या रात्री जेवताना बाईंनी हे चेतनला सांगितलं. तो मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, "आई, प्रॅक्टिकल विचार कर ना. आमच्याकडे पण बॉटमचे पाच टक्के काढतातच. त्यात पर्सनल काही नसतं."

बाईंनी पोराला चार शब्द सुनावायला हवे होते. त्यांनी त्याला भाजी वाढली. सर म्हणाले ते घरी जाऊन शिकवायचंच त्यांनी मनात घोळवलं. दर रविवारी जाऊ, दोन तास बसू, म्हणजे पोरीचं नुकसान होणार नाही. माणसाला स्वतःला फसवायला फार मोठी थाप लागत नाही, हाताशी असलेली पुरते.

दुसऱ्या दिवशी बाई हिराच्या घरी गेल्या. आई सुंदराबाई नुकत्याच सोसायटीतली कामं उरकून आल्या होत्या. हिरा कोपऱ्यात चौकोनात बसली होती. खडू पुसला जातो म्हणून आईनं कुठल्याशा फ्लॅटमधला उरलासुरला पांढरा ऑइलपेंट मागून आणून चौकोन पक्का केला होता. बाईंची नजर तिकडे गेली आणि त्यांनी चटकन वळवली. आज पहिल्यांदा त्यांनी आधी चहा घेतला.

"सुंदराबाई, हिराला दहावीला बाहेरून बसवू या. शाळा नववी पास करून देतेय. घरी राहून अभ्यास करील. मी येत जाईन."

"साळंत न्हाई जायचं मंग?"

"नाही."

हिरा म्हणाली, "बाई, मी एक दिवस पण चुकवला नाही."

बाईंनी फॉर्मची घडी सरळ केली.

"तुमाला बरोबर वाटतंय न्हवं?" सुंदराबाईंनी विचारलं. "सरांचं मला काय म्हाईत न्हाई. तुमी सांगताय, तर करते अंगठा."

नाही म्हणायला तेवढीच वेळ होती. पाच शिक्षक, दिगंबर सर, शंभर टक्के, सगळं एका पारड्यात आणि दुसऱ्यात ही एक पोरगी. पोरगी बाईंकडे बघत होती, आणि तिच्या बघण्यात राग नव्हता, नुसता विश्वास होता, की बाई आहेत म्हणजे काहीतरी चांगलंच असणार.

"हो, बरोबर वाटतंय," बाई म्हणाल्या.

बावीस वर्षं घरोघर जाऊन कमावलेला शब्द असा कामी आला. शाळेनं बाईंचा एवढा उपयोग पूर्वी कधी करून घेतला नव्हता.

जूनमध्ये बाई दोन रविवार गेल्या. तिसऱ्याला दहावीचे जादा तास लागले, मग मतदार याद्यांचं काम आलं, मग चेतनच्या लग्नाचं बघणं निघालं. कारणं सगळी खरी होती. पण खरं कारण असं, की त्या घरात पाऊल टाकायची त्यांना लाज वाटू लागली होती.

पुढच्या जूनमध्ये निकाल लागला. एकेचाळीसपैकी एकेचाळीस. चौकात फ्लेक्स लागला, त्यावर संस्थेच्या अकरा पदाधिकाऱ्यांचे फोटो आणि खाली कोपऱ्यात ओव्हाळबाईंचा, 'निकालाच्या शिल्पकार' म्हणून. बाईंना शाल मिळाली. आठवीच्या वर्गात नव्यानं मुलं आली एकोणीस. म्हणजे ज्या शाळेसाठी चार पोरं बाहेर काढली, ती शाळा कोणाला नकोच होती. संस्थेनं त्याच इमारतीत इंग्लिश मीडियम काढायचा ठराव केला आणि दिगंबर सरांनी पहिलं अनुमोदन दिलं.

निकालानंतर दत्तक पोरांच्या घरी पेढे घेऊन जायचा बाईंचा शिरस्ता होता. चार घरं झाली. पाचव्या पुड्याला घर नव्हतं. तो पुडा बाईंनी दोन दिवस पर्समध्ये वागवला, आणि तिसऱ्या दिवशी मनाचा हिय्या करून त्या हिराच्या गल्लीत शिरल्या. शिव्या खायची तयारी करून गेल्या होत्या. खरं तर त्यांना त्या हव्याच होत्या.

सुंदराबाईंनी दार उघडलं आणि त्यांचा चेहरा फुलला. "या बाई, या! किती दिसांनी!"

हिरा घरी नव्हती. परीक्षेला बसलीच नव्हती. एकटीनं अभ्यास होईना, म्हणून नोव्हेंबरातच कामाला लागली होती.

"तुमच्या चेतनदादावानीच कंपनीत हाय," सुंदराबाई कौतुकानं म्हणाल्या. "संडास-बाथरूमचं काम हाय, पर समदं एसीत. गळ्यात कार्ड बी हाय तिच्या."

बाई म्हणाल्या, "सुंदराबाई, माझं चुकलं. मी तेव्हा ते सांगायला नको होतं."

"आता वं! तुमी हुता म्हून तर. तिच्या डोक्यात न्हाई हे तुमी येळंवर सांगितलं. दुसऱ्या कुनी पोरीचं वरीस फुकाट घालवलं असतं."

"तिच्या डोक्यात होतं, सुंदराबाई. ती पास झाली असती."

सुंदराबाईंनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, जसं पाहुण्याचं मानपानाचं बोलणं ऐकतात. त्यांनी आत हाक मारली आणि धाकटी बाहेर आली. रतन, सातवीतली, हातात वही, पेन्सिल चावत आलेली.

"ही बी पुढल्या सालाला तुमच्या साळंत यील. हिला कवा काढायची तेवडं सांगून ठिवा. म्हंजी तिच्याबी कामाचं बघाया बरं पडंल."

बाईंनी रतनची वही घेतली. अपूर्णांकांची पंधरा गणितं होती, पंधराच्या पंधरा बरोबर. "हिला काढायची नाही," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला. "ऐकताय ना? कोणीही येऊन काहीही सांगितलं तरी काढायची नाही. मी सांगितलं तरीसुद्धा नाही."

सुंदराबाई हसल्या. समजूतदारपणे त्यांनी मान हलवली, आणि पोरीला म्हणाल्या, "जा गं, नळाला पानी आलंय का बघून ये."

रतन गेली. सुंदराबाईंनी दार लोटून घेतलं, बाईंच्या जवळ सरकून बसल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "पोरीम्होरं कसं बोलणार, कळतंय मला. ती गेली. आता खरं काय ते सांगा, बाई."