चूल एक का दोन

जुबेदा मॅडम गेल्याचं मला नवव्या दिवशी कळलं, तेही मोताळ्याच्या बाजारात मिरच्या घेताना. मिरचीवाला रहीम त्यांच्या नात्यातला. पारड्यात मिरच्या टाकता टाकता तो म्हणाला, "काकी, तुमच्या शिरगणतीवाल्या मॅडम गुजरल्या, मालूम नाही का?" मी विचारलं, कधी. "आठ रोज झाले. छातीत दुखलं. दवाखान्यात नेऊन राह्यले होते, रस्त्यातच…" मी बरं म्हटलं आणि चालू लागले. घरी आल्यावर कळलं की मिरच्यांची पिशवी त्याच्याजवळच राहिली. रडले नाही. मला रडू लवकर येत नाही. पण त्या दिवसापासून एका जागी बसवत नाही. झाडलेलं अंगण पुन्हा झाडते, भरलेला हंडा उचलून पाहते. त्यांच्याजवळ एक गोष्ट कबूल करायची राहिली होती. पंधरा-सोळा वर्षं उद्या बोलू, उद्या बोलू करत गेली, आणि आता बोलायला माणूसच नाही.

मॅडम आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवत. राहायला मलकापूरला, रोज सकाळच्या बसनं येत. मी त्याच शाळेत पोरांची खिचडी शिजवायचे. माझं शिक्षण चौथीपर्यंत, त्यांचं किती ते मी विचारलं नाही, पण त्यांनी ते कधी माझ्यापुढं मिरवलं नाही. बुटक्या, जाड भिंगाचा चष्मा, डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही आणि तोंड कधी बंद राहिलं नाही. खिचडी आधी त्या चाखायच्या. "कासाबाई, मीठ आज घरी इसरल्या का?" असं म्हणायच्या. मी म्हणायची, "पोरं गुमान खाऊन राह्यले, तुमालेच तेवढी जीभ हाये." दुपारच्या सुट्टीत कधी कधी माझ्या खोलीवर येऊन चुलीवरची भाकर नि ठेचा खायच्या आणि डोळ्यांतून पाणी गाळत आणखी ठेचा मागायच्या.

ती खोली माझ्या भावाच्या घरामागं, गोठ्याला लागून आहे. नवऱ्याचं घर मी पंचविशीत सोडलं. का सोडलं ते इथं लिहायचं कारण नाही. सुखदेव माझा धाकटा भाऊ, त्यानं ठेवून घेतलं, हे त्याचं खरंच. पहिली दोन वर्षं त्यांच्यातच जेवले. पण भावजय ताट आपटून वाढायची. एके दिवशी मी मागच्या खोलीत तीन विटा मांडल्या आणि आपलं आपण शिजवायला लागले. शेजाऱ्यापाजाऱ्यांना हे माहीत होतं, पण बोलायचं कुणी नाही. बहीण घरात असून वेगळी शिजवून खाते याची सुखदेवला लाज वाटायची. चारचौघांत तो म्हणायचा, "बाई आमच्यातच हाये." मी ऐकून घ्यायची.

मागच्या शिरगणतीच्या आधी घरांची यादी करायचं काम निघालं, भर उन्हाळ्यात, शाळेला सुट्टी असताना. आमचं गाव मॅडमच्या वाट्याला आलं. दुसऱ्याच दिवशी त्या माझ्या दारात. "कासाबाई, संग चला. मले मानसायचं भेव नाही, पन तुमच्या गावचे कुत्रे लय वंगाळ हायत." मी काठी घेतली आणि निघाले. जवळजवळ महिनाभर आम्ही गल्ल्या तुडवल्या. त्या पुढं कागद घेऊन, मी मागं काठी घेऊन. एका म्हाताऱ्याला विचारलं, "रेडिओ हाये का?" तो म्हणाला, "हाये." "चालू हाये का?" "मॅडम, मीच चालू नाही, तो काय चालू राहीन!" दुसऱ्या घरी सून एकटी, ती नवऱ्याचं नाव घेईना. मॅडमनी विचारलं की पदरात तोंड घालून हसायची. शेवटी मी बाहेरूनच ओरडले, "लिवा, गजानन! आता लाजून राह्यली, भांडतानी तं वेशीपर्यंत आयकू येते हिच्या तोंडून!" मॅडमचा पेन हसून हसून थांबला.

पण एका प्रश्नावर त्या हसायच्या नाहीत. त्यांनी मला समजावलं होतं की एका छपराखाली राहिले म्हणून एक कुटुंब होत नाही. ज्यांचा स्वयंपाक एक, ते एक कुटुंब. म्हणून प्रत्येक दारात त्या विचारायच्या, "चूल एक का दोन?" आणि इथंच लोक खोटं बोलायचे. वेगळं निघालेलं पोरगं बापासमोर एकच म्हणायचं. एका म्हातारीनं ठासून सांगितलं, "आमच्यात दोन चुली नसतात." तिच्या मागं घरातून दोन बाजूंनी धूर निघत होता. मॅडम म्हणाल्या, "मंग तो दुसरा धूर कोनाचा, आजी?" "पाव्हन्याचा." "पाव्हना कवा आला?" "चार साल झाले." आतून सुनेचा आवाज आला, "दोन लिवा मॅडम!" मग त्यांनी दोन लिहिल्या. गल्लीच्या टोकापर्यंत मी त्या म्हातारीची नक्कल करत गेले. काय लोक आहेत, म्हटलं, चुलीचं कुणी खोटं बोलतं का…

चार दिवसांनी आमच्या घराची पाळी आली. सुखदेव ओसरीवर बसून सांगत होता, मॅडम लिहीत होत्या. भिंती विटांच्या, छप्पर टिनाचं, पाणी नळाचं. "चूल?" "एक. मी, बायको, दोन पोरं आन बहीण." मॅडमनी पेन उचलून माझ्याकडं पाहिलं. "कासाबाई, तुमी कुठं जेवता?" आदल्याच दुपारी माझ्या चुलीवरची भाकर खाल्लेली बाई मला हे विचारत होती. मी म्हणाले, "इथंच." त्यांनी लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मीच त्यांच्यावर भडकले. "तुमाले मालूम होतं ना? मंग एक काऊन लिवली?" त्या शांत होत्या. "मले मालूम असून काय फायदा? तुमी सांगतलं नाही. मी माह्या मनानं लिवलं तं ते माहं झालं, तुमचं नाही." दोन दिवस मी त्यांच्यासोबत गेले नाही. कुत्र्यांनी त्यांना कसं फिरू दिलं कोण जाणे. तिसऱ्या दिवशी सुखदेव शेतात गेल्यावर मी त्यांना बोलावून आणलं, खोलीत नेलं आणि म्हटलं, "हे माही चूल. आता लिवा." त्यांनी नवा कागद काढला. कुटुंबप्रमुखाच्या जागी माझं नाव आलं. नवऱ्याचं नाही, भावाचं नाही. माझ्या दाराच्या चौकटीवर त्यांनी वेगळा नंबर घातला. त्या रात्री मला छान झोप लागली, हे लिहायला हरकत नाही.

सुखदेवनं नंबर पाहिला आणि सरळ तहसीलला गेला. मॅडम घर फोडतात, अशी तक्रार केली. दोन दिवसांनी वरचे साहेब तपासायला आले. सकाळीच सुखदेवनं मला सांगून ठेवलं होतं, "वेगळी म्हनशीन तं खोली रिकामी कर." साहेब अंगणात उभे, सुखदेव उभा, मॅडम बाजूला फाईल छातीशी धरून. साहेबांनी विचारलं, "बाई, तुमचा स्वयंपाक वेगळा आहे का?" मी म्हणाले, "नाही साहेब. एकच हाये." मी भ्याले. दुसरं कारण नव्हतं. कुठं जाणार होते मी? पण भ्याले म्हणून खोटं बोलले ते खरं होत नाही. साहेबांनी माझा कागद आडवा खोडला. मॅडमना लेखी खुलासा मागितला, पुढं त्यांना कागदावर समज मिळाली. "कासाबाईनंच दाखवली होती चूल," एवढं एक वाक्य त्यांनी तिथं बोलायला हवं होतं. बोलल्या नाहीत. माझ्याकडं पाहिलंही नाही. मी उघडी पडू नये म्हणून.

शाळा सुरू झाली. पहिल्याच दिवशी खिचडी चाखून म्हणाल्या, "मीठ बराबर हाये आज." तेवढंच. त्यानंतर दोन वर्षं त्या इथं होत्या, मग बदलून गेल्या. बोलणं-हसणं पहिल्यासारखं, पण खोलीवर जेवायला पुन्हा कधी आल्या नाहीत. मीही बोलावलं नाही. कोणत्या तोंडानं बोलावणार? शेवटच्या भेटल्या त्या गेल्या हिवाळ्यात, बसस्टँडवर. गुडघे गेले होते, हातात काठी. मी म्हटलं, "आता कुत्र्यायचं भेव नाही तुमाले." त्या हसल्या. "शिरगणती येऊन राह्यली म्हने पुन्हा," म्हणाल्या. मी म्हटलं, "येऊ द्या." तेव्हा बोलायला हवं होतं. बस लागली, त्या चढल्या…

मॅडमच्या चाळिसाव्या दिवसाच्या आधी मलकापूरला त्यांच्या घरी जाऊन आले. त्यांच्या सुनेनं विचारलं, तुम्ही कोण. मी म्हटलं, शाळेत खिचडी करायची. तिचा चेहरा उजळला. "कासाबाई! काठीवाल्या! अम्मी तुमचं लय सांगायच्या." आणि तिनं मला सगळंच सांगितलं, रेडिओवाला म्हातारा, गजाननची बायको, चार सालाचा पाव्हना. मी वाट पाहत बसले. साहेबांची गोष्ट आली नाही. मॅडमनी घरात ती सांगितलीच नव्हती. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. चहा अर्धा टाकून मी उठले.

मागच्या आठवड्यात आमच्याकडं घरयादीवाले आले. डोणगावकडचे एक गुरुजी, नुकतेच बदलून आलेले. कागद नाही, सगळं मोबाइलवर. सुखदेव ओसरीवर होता. त्यानं आपलं नाव सांगितलं आणि पुढं म्हणाला, "आन बहीण." मी तिथंच उभी होते. "चूल वेगळी" हे दोन शब्द इतकी वर्षं तोंडात धरून ठेवले होते. ते बोलायला गेले आणि थबकले. कारण आता ते खरं नाही. भावजय वारून तीन वर्षं झाली, दोन्ही पोरं सुरतेला. सुखदेव दोन्ही वेळा माझ्या खोलीत येऊन जेवतो. वेगळी म्हणाले असते तर मी तिसऱ्यांदा खोटं बोलले असते.

"गुरुजी, चूल एकच हाये," मी म्हणाले. "पन चूल माही हाये. हा माह्याकडं जेवते."

गुरुजींनी बोट थांबवलं. "मग कुटुंबप्रमुख कोण लिहू?"

"बाई, काऊन तमाशा करून राह्यली?" सुखदेव म्हणाला.

"काल भाजी कोनं केली?"

"तू."

"परवा?"

तो गुरुजींना म्हणाला, "लिवा तिचंच. नाही तं उपाशी ठेवीन मले."

मॅडमची एक रीत लिहायची राहिली. घर लिहून झालं की उठायच्या आधी सगळं मोठ्यानं वाचून दाखवायच्या, ऐकणारा अडाणी असो की शिकलेला. माझा तो, पुढं खोडला गेलेला कागदही त्यांनी मला तसाच वाचून दाखवला होता. गुरुजी मोबाइल खिशात घालायला लागले. मी म्हटलं, "थांबा. वाचून दाखवा."

"काकू, भरलंय सगळं."

"मी नाही आयकलं. वाचा."

त्यांनी मोबाइल पुन्हा काढला. "कुटुंबप्रमुख, कासाबाई. स्त्री. राहणारी माणसं, दोन."

"आनखी एकडाव," मी म्हणाले.